मोटारीची बॅटरी वारंवार का उतरते? तंजावरच्या उष्ण हवामानात दोष ओळखण्याची क्रमवार पद्धत

रात्री सुस्थितीत उभी केलेली मोटार सकाळी सुरू होत नाही. किल्ली फिरवताच दिवे मंदावतात, सेल्फमधून केवळ 'टक् टक्' असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. अशा वेळी बॅटरी निकामी झाली असे गृहीत धरून नवी बॅटरी बसवली जाते. परंतु काही दिवसांनी नवी बॅटरीही उतरली, तर मूळ दोष अन्यत्र होता हे उशिरा ध्यानात येते. तोपर्यंत काही हजार रुपये खर्च झालेले असतात आणि एक चांगली बॅटरी भंगारात गेलेली असते.

बॅटरी उतरण्याची मुख्य कारणे तीन आहेत. पहिले, बॅटरीच जीर्ण होऊन वीज साठवण्याची तिची क्षमता संपणे. दुसरे, अल्टरनेटर तिला पुरेशी वीज न पुरवणे. तिसरे, मोटार बंद असताना एखादे उपकरण गुपचूप वीज खर्च करत राहणे, म्हणजेच छुपी गळती. बाहेरून तिन्ही प्रकारांची लक्षणे सारखीच दिसतात. एक साधा मल्टिमीटर आणि थोडा संयम असल्यास त्यांतील फरक घरच्या घरी ओळखता येतो.

उन्हाळा आणि बॅटरी

बॅटरीविषयीची बरीच पाश्चात्त्य माहिती थंडीला अनुलक्षून लिहिलेली असते. तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात परिस्थिती नेमकी उलट आहे. तंजावर येथे एप्रिल ते जून या काळात दुपारचे तापमान वारंवार ३७-३८ अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि बॉनेटखालील तापमान त्याहून बरेच अधिक असते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे उष्ण प्रदेशात बॅटरीतील पाणी लवकर आटते, पट्ट्यांमधील जाळी गंजते आणि उभ्या बॅटरीतील साठाही अधिक वेगाने घटतो.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. थंड देशांत हिवाळ्यात इंजिनाचे तेल घट्ट होते, सेल्फला अधिक जोर लावावा लागतो आणि दुर्बल झालेली बॅटरी पहिल्याच थंडीत उघडी पडते. तंजावरला अशी परीक्षा घेणारी थंडी नसते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, पण त्याच उष्णतेमुळे इंजिन सहज फिरते आणि बॅटरीचा अशक्तपणा झाकला जातो. परिणामी 'कालपर्यंत उत्तम चालत होती, आज अचानक गेली' असे वाटते. प्रत्यक्षात ऱ्हास कित्येक महिने चालू असतो. म्हणूनच अशा हवामानात लक्षणांची वाट न पाहता मोजमाप करणे महत्त्वाचे ठरते.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात दमट हवेमुळे टर्मिनल आणि अर्थिंगची जोडणी गंजण्याचा त्रास वाढतो.

बॅटरीचे कार्य

शिसे आणि गंधकाम्ल यांच्यावर चालणारी पुनर्भारणक्षम बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. आजही बहुतेक मोटारींत याच तत्त्वाची बॅटरी असते. तिच्यात प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे पूर्ण भारित बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असते. बॅटरी वापरली जात असताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि चार्ज होताना ते पुन्हा विरघळते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट चार्ज अवस्थेत राहिल्यास हे सल्फेट कठीण स्फटिकांच्या रूपात साचते आणि क्षमता कायमची घटते. याला सल्फेशन म्हणतात.

विद्युत्-रसायनशास्त्रातील संशोधनाचे देशातील एक प्रमुख केंद्र याच भागात आहे. तंजावरहून पुदुकोट्टईमार्गे सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेची कोनशिला १९४८ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसवण्यात आली. उद्योगपती अळगप्प चेट्टियार यांनी तिच्यासाठी जमीन आणि निधी दिला होता. १९५३ मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी संस्थेचे उद्घाटन केले. बॅटरी आणि धातूंचे गंजणे हे तिच्या अभ्यासाचे प्रमुख विषय आहेत.

प्रथम सुरक्षितता

चार्ज होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे तपासणी मोकळ्या हवेत करावी. जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती किंवा ज्योत नसावी. हातातील अंगठी, कडे आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे व डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

बॅटरी सोडवताना प्रथम ऋण आणि नंतर धन टर्मिनल काढावे. जोडताना क्रम उलटा ठेवावा. काही मोटारींत बॅटरी सोडवल्यावर रेडिओचा संकेतांक, घड्याळ आणि काचांची यंत्रणा पुन्हा लावून द्यावी लागते, म्हणून वाहनाची माहितीपुस्तिका आधी पाहावी. संकरित आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी वेष्टनाच्या तारांना हात लावू नये. त्यांचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

पायरी पहिली : बाह्य तपासणी

टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट-निळा थर साचला आहे का, जोड हाताने हलतो का, बॅटरीचे कवच फुगले आहे का आणि आम्ल झिरपल्याच्या खुणा आहेत का, हे पाहावे. अनेकदा बॅटरी उत्तम असते, पण सैल किंवा गंजलेल्या जोडामुळे सेल्फपर्यंत वीज पोहोचत नाही. टर्मिनल सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करावे. सोड्याचे पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नये. जोड कोरडा करून घट्ट आवळावा व वरून पेट्रोलियम जेली लावावी.

पाणी घालण्याची सोय असलेल्या बॅटरीत पट्ट्या बुडालेल्या असाव्यात. कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, नळाचे किंवा घरगुती शुद्धीकरण यंत्राचे पाणी त्याऐवजी वापरू नये, कारण त्यातील क्षार बॅटरीला घातक ठरतात. आम्लही वरून ओतू नये. पाणी आटते, आम्ल आतच राहते.

पायरी दुसरी : विश्रांतीतील व्होल्टेज

मोटार नुकतीच चालवलेली असल्यास व्होल्टेज फसवे, म्हणजे अधिक दिसते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीवर, सकाळी कोणताही दिवा लावण्यापूर्वी मोजमाप घ्यावे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक धन आणि काळे टोक ऋण टर्मिनलला लावावे. सर्वसाधारण अर्थ पुढीलप्रमाणे :

१२.६ व्होल्ट किंवा अधिक – पूर्ण भारित
१२.४ व्होल्ट – सुमारे तीन चतुर्थांश
१२.२ व्होल्ट – सुमारे अर्धी
१२.० व्होल्ट – सुमारे एक चतुर्थांश
११.८ व्होल्ट किंवा कमी – जवळजवळ रिकामी

पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या जवळपास राहत असेल, तर सहापैकी एक सेल निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. अशी बॅटरी बदलण्यावाचून पर्याय नसतो. इतर आकडे मात्र बॅटरी किती भरलेली आहे एवढेच सांगतात. ती चांगली आहे की नाही, हे पुढील चाचण्यांतून कळते.

पायरी तिसरी : आम्लाची घनता

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील द्रवाची आपेक्षिक घनता मोजता येते. पूर्ण भारित अवस्थेत ती साधारण १.२४ ते १.२८ असते. उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटऱ्यांत आम्ल किंचित सौम्य ठेवले जात असल्याने उत्पादकाने दिलेला आकडा प्रमाण मानावा. आपल्याकडे हे मोजमाप २७ अंश सेल्सियसला धरून केले जाते. त्याहून अधिक तापमान असल्यास दर १० अंशांमागे सुमारे ०.००७ मिळवावे. द्रव ४० अंशांना असताना ही दुरुस्ती जवळपास ०.००९ इतकी येते.

एकूण आकड्याइतकाच सेलांमधील फरकही महत्त्वाचा आहे. सर्व सेल सारखेच कमी असतील, तर बॅटरी केवळ उतरलेली असू शकते. एखाद्या सेलची घनता इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी असेल, तर तो सेल सदोष समजावा. बंद बॅटरीवरील रंगीत 'डोळा' एकाच सेलची स्थिती दाखवतो, त्यामुळे हिरवा रंग ही संपूर्ण बॅटरीची हमी नव्हे.

पायरी चौथी : सेल्फ मारताना

मल्टिमीटर बॅटरीला लावलेला ठेवून दुसऱ्या व्यक्तीस किल्ली फिरवण्यास सांगावे. चांगल्या, भारित बॅटरीचे व्होल्टेज या क्षणी १० च्या आसपास किंवा वर राहते. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९.६ च्या खाली घसरत असेल, तर तिची क्षमता संपत आली आहे असे समजावे. मात्र सेल्फच अडकत असल्यास तोही अतिरिक्त वीज ओढतो, हे ध्यानात घ्यावे.

व्होल्टेज टिकून राहते, तरीही इंजिन फिरत नाही, असे घडल्यास दोष तारा, रिले किंवा सेल्फमध्ये शोधावा. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि इंजिनाचा उघडा धातू यांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास अर्थिंगची जोडणी खराब आहे.

पायरी पाचवी : अल्टरनेटर

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवरील व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ असावे. इंजिनाचा वेग थोडा वाढवून, दिवे आणि एसी लावूनही पाहावे. सतत १३.२ च्या खाली राहिल्यास अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडणी तपासावी. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून बॅटरी अतिभारित होत आहे. वारंवार पाणी आटणे हे त्याचे लक्षण असते. नव्या मोटारींतील संगणक-नियंत्रित अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज कमी-अधिक करतो, म्हणून अशा मोटारीत एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

निर्णायक चाचणी : एका रात्रीचा प्रयोग

बॅटरी सदोष की मोटारीत गळती, हा संभ्रम दूर करणारी एक सोपी पद्धत आहे. बाहेरील चार्जरने बॅटरी पूर्ण चार्ज करावी. काही तासांनी व्होल्टेज मोजून ऋण टर्मिनल सोडवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी व्होल्टेज लक्षणीय घटले असेल, तर बॅटरीच साठा धरत नाही. व्होल्टेज टिकून असेल, तर दुसऱ्या रात्री तार जोडून हाच प्रयोग करावा. या वेळी ते घटले, तर बॅटरी निर्दोष असून वीज मोटारीत कोठेतरी गळत आहे. या दोन रात्रींमुळे अनावश्यक खरेदी टळू शकते.

छुपी गळती कशी शोधावी?

बंद मोटारीतही घड्याळ, चोरीरोधक यंत्रणा आणि संगणकाची स्मृती यांसाठी थोडा प्रवाह लागतो. साधारण २० ते ५० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानला जातो. तो मोजण्यासाठी मल्टिमीटर १० अ‍ॅम्पिअरच्या मापावर ठेवावा, लाल टोक त्यासाठीच्या छिद्रात घालावे आणि ऋण टर्मिनल सोडवून मीटर ते टर्मिनल व सुटलेली तार यांच्या दरम्यान जोडावा. मीटर या स्थितीत असताना किल्ली फिरवू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो.

मोटारीतील सर्व यंत्रणा झोपी जाण्यास २० ते ४० मिनिटे लागू शकतात. तोपर्यंत आकडा अधिक दिसतो, म्हणून घाई करू नये. उघड्या दाराचे कुलूप पेचकसाने बंद स्थितीत आणावे आणि बिनकिल्लीच्या मोटारीचा रिमोट दूर ठेवावा. त्यानंतरही प्रवाह अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसरशी आकडा एकदम खाली येतो, त्या शाखेत गळती आहे. सर्व फ्यूज काढूनही आकडा कमी होत नसेल, तर अल्टरनेटरमधील सदोष डायोडची शक्यता तपासून घ्यावी, कारण त्याची मुख्य तार नेहमीच्या फ्यूजमधून जात नाही.

सामानकक्षातील न विझणारा दिवा, चिकटलेला रिले, मागाहून बसवलेली संगीत यंत्रणा, रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा आणि पर्यटक टॅक्सीतील स्थानदर्शक यंत्र ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. मागाहून बसवलेली उपकरणे किल्लीने बंद होणाऱ्या तारेऐवजी थेट बॅटरीला जोडली असल्यास हा त्रास उद्भवतो.

गळतीचा हिशेब

लहान मोटारींत ३५ अ‍ॅम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी सर्रास आढळते. तिच्यातील निम्मा साठा, म्हणजे सुमारे १७.५ अ‍ॅम्पिअर-तास खर्च झाल्यावर मोटार सुरू होईल याची खात्री राहत नाही. ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या स्वाभाविक प्रवाहाने दिवसाला ०.७२ अ‍ॅम्पिअर-तास खर्च होतात, म्हणजे ही मर्यादा गाठण्यास सुमारे २४ दिवस लागतात. उष्ण हवेत त्याआधीही ती गाठली जाऊ शकते. ३०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या गळतीने हेच अडीच दिवसांत घडते. ५ वॅटचा एक दिवा दिवसाला सुमारे १० अ‍ॅम्पिअर-तास खातो, त्यामुळे दोन दिवसही पुरत नाहीत.

म्हणजे तीन-चार आठवडे उभी राहिलेली मोटार सुरू न होणे हा दोष असेलच असे नाही. २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या मोटारींपुढे हीच अडचण होती. भोसले राजवटीच्या काळापासून तंजावरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेक जण आज नोकरीनिमित्त चेन्नई, बंगळूर किंवा परदेशात असतात. मूळ घरी ठेवलेली मोटार महिनोन्महिने वापरात नसेल, तर ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे, किंवा पूर्ण चार्ज झाल्यावर आपोआप थांबणारा चार्जर लावावा. इंजिन दोन-चार मिनिटे सुरू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही.

वादळानंतर वीज नसतानाही हा हिशेब उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०१८ मधील गज चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टई आणि पेरावुरणी परिसराची मोठी हानी केली आणि अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी मोटारीतून मोबाइल चार्ज करता येतो. एका मोबाइलसाठी साधारण दीड ते दोन अ‍ॅम्पिअर-तास लागतात. म्हणजे आठ-दहा मोबाइलनंतर लहान मोटारीचा निम्मा साठा संपतो. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी खोलवर वापरासाठी घडवलेली असते. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते आणि ती वारंवार पूर्ण उतरवल्यास लवकर निकामी होते.

दुसऱ्या मोटारीची मदत घेताना

प्रथम लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, नंतर तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे टोक बंद मोटारीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. मोटार सुरू झाल्यावर उलट क्रमाने केबल काढाव्यात. फुगलेल्या किंवा फुटलेल्या बॅटरीवर हा प्रयोग करू नये.

मोटार सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. तंजावर ते कुंभकोणम हे सुमारे ४० किलोमीटरचे अंतर कापूनही पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही, कारण शेवटचा सुमारे २० टक्के भाग भरण्यास कित्येक तास लागतात. त्यामुळे मुक्कामी पोहोचल्यावर ती रात्रभर चार्जरवर लावणे श्रेयस्कर.

नवी बॅटरी घेताना

बॅटरी बदलणे अटळ असल्यास वाहन उत्पादकाने सुचवलेल्या क्षमतेची, प्रकाराची आणि आकाराची बॅटरी घ्यावी. थांबताच इंजिन आपोआप बंद करणाऱ्या मोटारींना विशेष प्रकारची बॅटरी लागते. तेथे साधी बॅटरी बसवू नये. उत्पादनाची तारीख पाहावी, दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेली बॅटरी टाळावी आणि हमीपत्रावर शिक्का व तारीख घालून घ्यावी. हमीच्या कालावधीत मोफत बदली किती महिने आणि प्रमाणशीर सवलत किती महिने, हे स्वतंत्रपणे विचारावे.

जुनी बॅटरी घरात ठेवू नये किंवा अनधिकृत भंगारवाल्यास देऊ नये. उघड्यावर शिसे वितळवल्याने माती आणि हवा दूषित होते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याविषयीचे नियम देशात २००१ मध्ये करण्यात आले. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आहे. विक्रेते जुन्या बॅटरीचे मूल्य नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतात.

संक्षेपाने

टर्मिनल स्वच्छ करूनही अडचण राहिल्यास आधी विश्रांतीतील व्होल्टेज, मग सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि त्यानंतर इंजिन सुरू असतानाचे व्होल्टेज मोजावे. ही तिन्ही मोजमापे समाधानकारक असूनही बॅटरी उतरत असेल, तर गळती शोधावी. दोन वर्षांहून जुन्या बॅटरीची ही तपासणी वर्षातून दोनदा, मार्चमध्ये उन्हाळ्यापूर्वी आणि सप्टेंबरमध्ये पावसापूर्वी, करून आकडे वहीत तारखेसह नोंदवावेत. मागील आकड्यांशी तुलना केली की बॅटरीचा ऱ्हास वेळीच ध्यानात येतो आणि ती बदलण्याचा निर्णय मोटार रस्त्यात बंद पडण्यापूर्वी घेता येतो.